पलीकडे कुणीतरी जागं आहे

‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या.’ अकोले ते जामखेड, अहिल्यानगर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता सापडायचा नाही. सातबारा काढायला सेतू केंद्रात बसलेला, रेशन दुकानात अंगठा टेकवून थांबलेला, बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये पिकाची नोंद करणारा, सगळ्यांच्याच वाट्याला ते येतं. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा. इथे कचेरीचा एक हेलपाटा म्हणजे अख्खा दिवस गेला. म्हणूनच कचेरी मोबाइलमध्ये आली हे फार चांगलं झालं. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. बरोबर २६ वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ ला, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तेव्हा महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात. २०२२ मध्ये ते खातं गेलं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून करायची, ही पद्धत याच जिल्ह्यातल्या दोन मंत्र्यांच्या काळात रुळली.

पण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यामागे निदान चार-पाच वेगवेगळ्या घटना असतात. त्यांतली एक मला कायम थक्क करत आली आहे. पडद्यावर ती ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ अशी उमटते. जोडणी नाकारली! ऐकायला ही सगळ्यांत वाईट बातमी. बिघाड शोधणाऱ्यासाठी मात्र इतकी चांगली बातमी क्वचितच मिळते. नकार हे उत्तर आहे, आणि उत्तर द्यायला पलीकडे कुणीतरी जागं असावं लागतं.

नेमकं काय घडतं ते पाहू. ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये आपण एखादी गोष्ट उघडतो तेव्हा आपल्या बाजूचा तो प्रोग्राम म्हणजे एचटीटीपी क्लायंट. तो पलीकडच्या यंत्राकडे थेट सातबारा मागत नाही. आधी संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधला जातो. मग आपल्या यंत्राचं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या पत्त्यावर एक चिमुकलं पाकीट पाठवतं. त्यात मजकूर नसतो. ‘बोलायचं आहे’ एवढी खूण असते, तिला सिन म्हणतात, आणि सोबत एक पोर्ट क्रमांक असतो. पोर्ट म्हणजे तहसील कचेरीतल्या खिडक्या समजा: इमारत एक, पत्ता एक, पण उताऱ्याची खिडकी वेगळी आणि दाखल्याची वेगळी. एका पत्त्यावर पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. साध्या एचटीटीपीचा क्रमांक ८०, सुरक्षित एचटीटीपीएसचा ४४३.

त्या पोर्टवर एखादा प्रोग्राम ऐकत बसलेला असेल तर पलीकडून होकाराचं पाकीट येतं, आपल्याकडून पोच जाते, आणि या तीन पावलांनंतरच खरी मागणी सुरू होते. कुणीच ऐकत नसेल तर पलीकडचं कर्नेल ‘रीसेट’ नावाचं पाकीट परत पाठवतं. तोच आपला नकार. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. नकार वेब सर्व्हरने दिला असं आपण धरून चालतो, पण वेब सर्व्हर तर तिथे नाहीच, म्हणून तर नकार आला. उत्तर दिलं ते खालच्या कर्नेलने. त्याला ना सातबारा माहीत, ना पीक पाहणी. आपल्या दारी आलेल्या पाकिटाला उत्तर द्यायचं, एवढा धर्म ते पाळतं.

हे नकाराचं पाकीट जरा जवळून बघण्यासारखं आहे. साधारण ४० बाइटचं असतं ते. २० बाइट पत्त्याचे, २० बाइट टीसीपीचे, म्हणजे जोडणीच्या नियमावलीचे. मराठीतलं जरा मोठं वाक्यसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. आपण पहिलं पाकीट पाठवलं तेव्हा आपल्या कर्नेलने त्यावर एक आकडा टाकलेला असतो, शून्यापासून सुमारे ४२९ कोटींपर्यंतचा कुठलाही, आणि तोही बाहेरच्याला अंदाज बांधता येणार नाही असा. नकाराच्या पाकिटात तोच आकडा एकने वाढवून परत येतो. आपलं कर्नेल तो ताडून बघतं. जुळला तरच नकार खरा, नाहीतर पाकीट निमूटपणे टाकून दिलं जातं. म्हणजे दूरच्या कुणा भामट्याने सर्व्हरच्या नावाने खोटा नकार पाठवायचं ठरवलं, तर त्याला कोट्यवधी आकड्यांमधून तुमचा आकडा ओळखावा लागेल. सुरुवातीच्या यंत्रांत हे आकडे ठरावीक पद्धतीने वाढायचे. ते ओळखता येतात हे १९८५ मध्ये रॉबर्ट मॉरिस यांनी दाखवून दिलं, आणि पुढे आकडे अंदाजापलीकडचे करण्याची काळजी घेतली जाऊ लागली. नाही म्हणतानाही ‘तुझ्याच विचारण्याला हे उत्तर आहे’ अशी पावती जोडायची, हे ज्यांना सुचलं त्यांच्या दूरदृष्टीपुढे मी हात जोडतो.

या नियमांची सुरुवात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या मे १९७४ च्या निबंधात आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या दस्तऐवजात ते पक्के झाले. त्यात नकाराचा नियम असा आहे: जोडणी अस्तित्वात नसेल तर येणाऱ्या कुठल्याही पाकिटाला रीसेटने उत्तर द्यायचं, फक्त आलेलं पाकीट स्वतः रीसेट असेल तर द्यायचं नाही. हा अपवाद वगळला असता तर काय झालं असतं? एका यंत्राने नकार दिला, दुसऱ्याने त्या नकाराला नकार दिला, पहिल्याने पुन्हा, आणि जगातल्या सगळ्या तारा नकारांनीच भरून गेल्या असत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या दस्तऐवजाची नवी आवृत्ती निघाली. ४१ वर्षांत अवघं जग बदललं होतं. हा नियम तिथेच होता.

आता वेगाचा विचार करा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत आहे असं धरा; अहिल्यानगरहून मुंबई रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला लागले अडीच मिलिसेकंद. तंतू सरळ रेषेत जात नाहीत, मध्ये राउटर लागतात, मोबाइल असेल तर टॉवरपर्यंतचा हवेतला टप्पा आणखी वेळ खातो. तरी काही दशांश सेकंदांच्या आत प्रश्न मुंबईला पोहोचतो, एक अनोळखी यंत्र त्या पोर्टवर कुणी आहे का ते बघतं, नाही म्हणतं, आणि ते नाही तुमच्या हातातल्या मोबाइलवर येऊन उतरतं. नावाचा पत्ता बरोबर सापडला, वाटेतला प्रत्येक राउटर शुद्धीवर होता, सर्व्हरला वीज होती, त्याचं कर्नेल चालू होतं, परतीची वाट मोकळी होती. हे सगळं त्या एका नकारातून बहुतेक वेळा कळतं. बिघाड शोधायला निघालेल्या माणसाची बरीचशी पायपीट तिथेच वाचते.

याउलट मौन. मधल्या एखाद्या फायरवॉलने, म्हणजे पहारेकरी यंत्रणेने, पाकीट गिळलं, किंवा सर्व्हरच बंद पडला, तर उत्तरच येत नाही. लिनक्सवरचं आपलं कर्नेल मग काय करतं? २०२३ आधीच्या आवृत्त्यांत ते पहिलं पाकीट पाठवून एक सेकंद थांबतं. पुन्हा पाठवून दोन सेकंद थांबतं, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. मूळच्या रचनेत सहा वेळा ते पुन्हा विचारतं आणि एकूण १२७ सेकंदांनी हार मानतं. बहुतेक ॲप्सचा धीर त्याआधीच सुटतो, ही गोष्ट वेगळी. म्हणून सेतू केंद्रातला चालक ‘डाऊन आहे’ म्हणाला की पहिला प्रश्न असावा: लगेच नाही म्हटलं, की बराच वेळ फिरत राहून मग म्हटलं? लगेच असेल तर नकार, फिरत राहिलं तर मौन, आणि दोघांचे इलाज पूर्ण वेगळे आहेत.

तिसरा प्रकार अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याला नाहीतर घाटघर-रतनवाडीकडच्या वळणांवर भेटतो. डोंगर आडवा आला, टॉवर हातचा गेला, आणि मोबाइलने क्षणात ‘नेटवर्क नाही’ म्हटलं. तेही तत्काळ येतं, पण ते पाकीट घराबाहेर पडलेलंच नसतं. तिथे सर्व्हरला बोल लावण्यात काही अर्थ नाही. अशा भागासाठीच्या ॲपने नोंद मोबाइलमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवावी, हा त्यावरचा खरा उपाय.

नकार सर्वाधिक भेटतो तो शिकणाऱ्यांना. लोणी, संगमनेर, श्रीगोंदा, कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या दिवसांत हा संदेश निदान एका पडद्यावर असतोच. विद्यार्थ्याने लॅपटॉपवर सर्व्हर चालू केलेला असतो, त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो झकास चालतो, आणि मोबाइलवरच्या ॲपमधून मात्र नकार. ॲपमध्ये पत्ता लिहिलेला असतो ‘लोकलहोस्ट’, म्हणजे १२७.०.०.१. या पत्त्याचा अर्थ प्रत्येक यंत्राला ‘मी स्वतः’ असाच कळतो. मोबाइलने तो वाचला आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली. तिथे कुणी ऐकत नव्हतं, आणि मोबाइलच्याच कर्नेलने मोबाइललाच नकार दिला. पाकीट वायफायपर्यंतसुद्धा गेलं नाही. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्येही हेच होतं, कारण तो लॅपटॉपवर दिसत असला तरी आतून वेगळं यंत्र आहे. त्याला यजमान लॅपटॉपकडे जायचं तर १०.०.२.२ हा राखीव पत्ता द्यावा लागतो. एकाच यंत्रात प्रोग्रामला वेगळी खोली करून देणाऱ्या डॉकरच्या कंटेनरचंही तसंच, प्रत्येकाचा ‘मी’ वेगळा.

पत्ता सुधारला, लॅपटॉपचा वायफायवरचा खरा पत्ता घातला, तरी नकार येतोच, आणि इथे पोरं हताश होतात. आता दोष ऐकणाऱ्याचा. प्रोग्राम सुरू होताना कर्नेलला सांगतो की मी अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर ऐकणार. १२७.०.०.१ वर ऐकतो असं सांगितलं तर तो फक्त घरातल्यांचंच ऐकणार. ०.०.०.० असं सांगितलं तर यंत्राच्या प्रत्येक आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, पत्त्यावरचं ऐकणार. शिकण्यासाठीच्या बऱ्याच साधनांत सुरक्षेसाठी पहिली पद्धत मुळातच ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. अर्धवट प्रोग्राम सगळ्या वसतिगृहाला उघडा कशाला टाकायचा? कोण कुठे ऐकतंय हे लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ या आज्ञांनी डोळ्यांना दिसतं. माझं मत असं की कोडमध्ये हात घालण्याआधी ही यादी बघायची सवय पहिल्याच वर्षी लावायला हवी. त्या यादीत तुमचा पोर्ट नसेल तर कोड कितीही सुंदर असो, नकार येणारच.

जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणखी एक कारण आहे, आणि ते पुस्तकांत फारसं सापडत नाही. ते म्हणजे वीज जाणं. एखाद्या पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रात किंवा शाळेत कोपऱ्यात एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला असतो. दिवे जातात, बॅटरी दम तोडते, दोन तासांनी दिवे येतात. यंत्र आपोआप सुरू होतं, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ विचारलं, तर उत्तर देतं, दिवा लुकलुकतो, सगळं ठीक दिसतं. फक्त ज्या प्रोग्रामसाठी ते ठेवलं तो सुरू झालेला नसतो, कारण यंत्रासोबत आपोआप ऊठ असं त्याला कुणी सांगून ठेवलेलं नसतं. परिणाम: स्वच्छ, तत्काळ नकार. याहून गमतीची अवस्था अशी की प्रोग्राम उठतो, पण विदागाराआधी, म्हणजे डेटाबेसआधी. मायएसक्यूएल ३३०६ वर ऐकतं, पोस्टग्रेस ५४३२ वर. ते अजून तयार व्हायचं असतं. वेब प्रोग्राम त्याच्याकडे जातो, त्याला नकार मिळतो, तो तिथेच संपतो. मग बाहेरून येणाऱ्या ग्राहकाला वेब प्रोग्रामच्या पोर्टवर नकार. एका नकाराने दुसरा जन्माला घातला! पडद्यावर शेवटचा दिसतो, दोष पहिल्याचा असतो. अशा वेळी नोंदवहीतल्या, म्हणजे लॉगमधल्या, सगळ्यांत जुन्या चुकीपासून वाचत यावं.

मोठ्या संकेतस्थळांवर हा नकार पडद्याआड घडतो. पुढे इंजिनएक्ससारखा द्वारपाल सर्व्हर ४४३ वर उभा असतो आणि मागच्या प्रोग्रामकडे मागण्या पोहोचवतो. मागचा बंद असेल तर नकार द्वारपालाला मिळतो. आपल्याला मिळतं ‘५०२ बॅड गेटवे’ असं नीट छापलेलं पान. म्हणजे आपली जोडणी झाली, बोलणंही झालं, आणि एचटीटीपीच्या भाषेतच कळलं की आतल्या खोलीत कुणी नाही. द्वारपालाच्या लॉगमध्ये मात्र आकड्यासकट तो मूळ संदेश असतो: लिनक्सवर १११, कनेक्शन रिफ्यूज्ड. विंडोजवर याच नकाराचा आकडा १००६१, मॅकवर ६१.

नकार नेहमी सर्व्हरच्या यंत्रातूनच येतो असंही नाही. महाविद्यालयांचे आणि कचेऱ्यांचे फायरवॉल ठरावीक पोर्ट बंद ठेवतात. त्यांतले काही पाकीट गिळतात, काही सर्व्हरच्या नावाने स्वतःच रीसेट पाठवतात. वाटेतच बसलेले असल्यामुळे आपला तो आकडा त्यांना दिसतो, त्यामुळे त्यांचा नकार खरा ठरतो. मग ओळखायचं कसं? सर्वांत सोपं म्हणजे मोबाइल डेटावरून तेच करून बघायचं. त्याहून सुंदर उपाय पाकिटातच आहे. प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो. लिनक्सकडून निघताना तो ६४ असतो, विंडोजकडून १२८, आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. लिनक्सचा सर्व्हर १२ राउटर लांब असताना त्याचं पाकीट ५२ वर पोहोचायला हवं. नकार जर ६४ किंवा ६३ घेऊन आला, तर तो बहुधा मुंबईहून आलेला नाही, याच इमारतीतून आलेला आहे. वायरशार्कसारख्या मोफत साधनात हे कुणालाही बघता येतं. त्या आकड्याकडे बघून पाकीट किती घाटांवरून आलं हे सांगता येतं, याचा आनंद मला आजही ओसरलेला नाही.

आणखी एक गुंता मोबाइलमुळे येतो. भारतात मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ हा नवा, लांबलचक पत्ता फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. सर्व्हरच्या नावाला दोन्ही पत्ते जोडलेले असतील, पण प्रोग्राम फक्त जुन्यावर ऐकत असेल, तर मोबाइलला नव्या पत्त्यावर नकार मिळतो. तरी पान उघडतं. ब्राउझर दोन्ही पत्ते हाताशी ठेवतो. नव्याकडून नकार आला की जुन्याकडे वळतो, आणि काहीच आलं नाही तर साधारण पाव सेकंदाने जुन्यालाही समांतर विचारू लागतो. असे कितीतरी नकार रोज आपल्या नकळत पचवले जातात. ज्या ॲपमध्ये ही समज घातलेली नाही ते मात्र अडतं, आणि जुन्या पत्त्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतल्या वायफायवर ते तपासणाऱ्याला सगळं व्यवस्थितच दिसत राहतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी काय होतं ते निराळं. लाखो मोबाइल एकदम दारात येतात. ऐकणाऱ्या प्रोग्रामपुढे कर्नेलने एक रांग धरलेली असते; लिनक्समध्ये तिची कमाल मर्यादा आधी १२८ होती, २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ४,०९६ झाली. रांग भरली की लिनक्स सहसा नकार देत नाही, गप्प बसतं, कारण पाकीट पाठवणारा थोड्या वेळाने पुन्हा येणारच आहे. म्हणून गर्दीत दिसतं ते मौन. इथे ॲप लिहिणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. उत्तर आलं नाही की लगेच पुन्हा विचारायचं असं सगळ्यांनी केलं तर रांग कधीच मोकळी होत नाही. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडी अनियमितता मिसळावी, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येणार नाहीत.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता, पुढे कोलन (:) आणि ८०००, असं लिहा. तिथे कुणी ऐकत नसेल तर नकार येईल. मग पायथनसोबत येणारा चिमुकला वेब सर्व्हर एका ओळीच्या आज्ञेने सुरू करा. तोही मुळात ८००० वरच ऐकतो. पान ताजं करा, फायलींची यादी उघडेल. सर्व्हर थांबवा, पुन्हा नकार. हाच प्रयोग शेजारच्या यंत्रावरून केला आणि पलीकडे विंडोज असेल तर नकाराऐवजी मौन मिळू शकतं, कारण तिथलं फायरवॉल बंद पोर्टबद्दल बाहेरच्याला काहीच कळू देत नाही. आणि विंडोजवर स्वतःलाच विचारलं तरी नकार पडद्यावर यायला दोनेक सेकंद लागतात. तो वेळ पाकिटाच्या प्रवासाचा नसतो. नकार तर तत्क्षणी मिळालेला असतो. पण विंडोज पहिल्या नकारावर थांबत नाही, जरा दम धरून पुन्हा पुन्हा विचारतं, आणि मगच आपल्याला नाही म्हणतं.